जन्मतः उशिरा रडलेला मुलगा: हातपाय ठीक, पण सांगितलेलं टिकत नाही. आधी काय तपासायचं?

शिक्षिका_महाल
दुसरीतला मुलगा, 7 वर्षं पूर्ण. डिस्चार्ज कार्डावर: पूर्ण दिवसांचा, जन्मल्यावर लगेच रडला नाही, 5 मिनिटांचा अ‍ॅपगार (जन्मल्यावर बाळाची स्थिती मोजणारा 10 पैकी गुण) 4, एचआयई (ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा) स्टेज 2, पहिल्या दिवशी झटके, 72 तास कूलिंग (बाळाचं अंग थंड ठेवणं). पाचव्या दिवसाच्या एमआरआयमध्ये ठळक दोष नाही. तेराव्या महिन्यात चालला, बोलणं स्वच्छ. वर्गात मात्र तीन सूचना दिल्या की एकच होते. फळ्यावरचं उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ. डबा कुठे ठेवला ते मधल्या सुट्टीनंतर आठवत नाही. घरचे ‘आळशी आहे’ म्हणतात. ऑक्सिजन कमी पडल्याचा परिणाम इतक्या वर्षांनी दिसतो का?

नवजातकक्ष_धंतोली
दिसतो, ताई. नुकसान तेव्हाचंच असतं, पण मेंदूच्या त्या भागाकडून शाळा काम मागायला लागते तेव्हा ते उघडं पडतं.

ऑक्सिजन किती कमी पडला याइतकंच तो कसा कमी पडला हेही महत्त्वाचं. नाळ खाली सरकली किंवा गर्भाशय फाटलं आणि पुरवठा एकदम बंद झाला, तर थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया हे मेंदूच्या आतले खोल भाग मार खातात. त्याचा परिणाम हालचालींवर होतो आणि पहिल्या वर्षातच कळतो. कळा लांबून तासन्‌तास थोडा थोडा कमी पडला, तर मोठ्या धमन्यांच्या हद्दींवरचा भाग सुकतो. कालव्याच्या टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही ना, तसं. अशा मुलांचे हातपाय बरेचदा बचावतात. भाषा, लक्ष, वागणूक यांवर ओरखडा राहतो. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, दोन्ही प्रकारांत नाजूक.

कूलिंगबद्दल: श्वास सुरू झाल्यावर पेशी सावरतात आणि साधारण 6 ते 48 तासांत त्यांची ऊर्जा दुसऱ्यांदा कोसळते. ही दुसरी घसरण अडवायची म्हणून 6 तासांच्या आत बाळाचं तापमान 33 ते 34 अंशांवर आणतात. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या हेलिक्स चाचणीत (2021) तर फायदा दिसला नाही, उलट कूलिंग केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणून कार्डावर ‘कूलिंग पूर्ण’ दिसलं की मेंदू वाचला असं धरू नका. एमआरआयचंही तेच: बारीक नुकसान त्यात निसटतं.

बालमानस_रामदासपेठ
‘विसरतो’ या एका शब्दाखाली दोन वेगळे दोष लपतात. आधी ते सोडवा.

आठ-दहा वाक्यांची नवी गोष्ट सांगा, तपशील मोजून ठेवा: नावं, जागा, वस्तू. लगेच परत सांगायला लावा. मग 30 मिनिटं दुसरं काम द्या आणि आठवण न देता पुन्हा विचारा. लगेचच अर्धं गळालं, तर दोष लक्ष किंवा कार्यस्मृतीत (काम करताना माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्यात). लगेच नीट सांगितलं आणि अर्ध्या तासाने जवळजवळ काहीच उरलं नाही, तर संशय हिप्पोकॅम्पसवर. वर्गातली ही चाचणी म्हणजे निदान नव्हे, पण पुढे कुठे पाठवायचं ते कळतं.

हिप्पोकॅम्पस दुखावलेलं मूल काळी-पिवळी मारबत (नागपूरच्या मिरवणुकीतले पुतळे) म्हणजे काय, का काढतात हे नीट सांगेल. पण काल मिरवणूक कुणाबरोबर आणि कुठे उभं राहून पाहिली, हे सांगता येणार नाही. ज्ञान साठतं, प्रसंग साठत नाही. 1997 मध्ये फरानेह वर्गा-खादेम यांनी अशा तीन मुलांचं वर्णन केलं, तेव्हा हा फरक ठळकपणे पुढे आला. हुशार बोलणाऱ्या मुलाला ‘आळशी’ ठरवलं जातं ते यामुळेच, आणि ते फार अन्यायाचं आहे.

बुद्ध्यंक चाचणीला पाठवाल तेव्हा एकूण आकड्यावर थांबू नका. नागपूरच्या डॉ. मालिन यांची एमआयएसआयसी ही मुलांची बुद्ध्यंक चाचणी वापरली, तर अंकस्मृती (ऐकलेले अंक परत सांगणं) आणि कोडिंग (ठरलेली चिन्हं भराभर उतरवणं) हे गुण वेगळे मागा. एकूण 95 आणि कोडिंग फारच खाली, असं झालं तर फळ्यावरून उतरवण्याचा वेळ उलगडतो. पण एमआयएसआयसीत अर्ध्या तासाने विचारण्याचा भाग नाही. स्मृतीची वेगळी चाचणी सांगावी लागते.

बालमेंदूविकार_नागपूर
सगळं जन्मावर टाकू नका. आधी कान आणि डोळे. एचआयईच्या मुलाची नुसती ओएई (आतल्या कानाचा, कोक्लियाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) झाली असेल तर बेरा (आवाज मज्जातंतूतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी चाचणी) करा. कानाचा पडदा-कोक्लिया ठीक आणि मज्जातंतूत दोष, असं ओएईला कळत नाही. मग काही सेकंद टक लावून थांबणं, हाक न ऐकणं: असं असेल तर झोपेतला ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख), कारण ते झटकेही असू शकतात. नवजात झटके आलेल्या मुलात हे सोडायचं नाही.

आणि विदर्भात एक तपासणी हवीच: सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. या आजारात हातपाय लुळे न पडताही मेंदूत बारीक ‘मूक’ इन्फार्क्ट (रक्त न पोचून मेलेले ठिपके) होतात, आणि ते शाळेत लक्ष व वेग यांतूनच दिसतात. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवणारी चाचणी. एएस म्हणजे वाहक, त्यावर खापर फोडू नका, एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर कथा वेगळी. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. कार्डावर पहिल्या तीन दिवसांची साखर किती होती तेही बघा: ती 40 च्या खाली वारंवार गेली असेल, तर मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग दुखावलेला असू शकतो.

18 वर्षांपर्यंत आरबीएसकेतून (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) मुलांची छाननी मोफत होते. शाळेत पथक येतं तेव्हा कार्डाची झेरॉक्स हातात द्या.

शिक्षिका_महाल
गोष्टीची चाचणी सोमवारी करते. तोवर वर्गात काय करू?

बालमानस_रामदासपेठ
एका वेळी एकच सूचना, आणि ती त्याच्याकडूनच पुन्हा वदवून घ्या. फळा उतरवायला देण्याऐवजी छापील ओळी द्या, त्याने फक्त उत्तर लिहावं. डब्याची जागा रोज तीच. चाचणीच्या दिवशी मधल्या 30 मिनिटांत वहीत काही टिपू देऊ नका, आणि गोष्ट त्याने आधी ऐकलेली नसावी. नाहीतर जुनं ज्ञानच परत मिळेल.