सेटल केलेलं लोन अन् दोघांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) पडलाय, काय करावं?

विश्रामबागकर: मंडळी, दुकान बसल्यावर मी अन् मिसेस दोघांच्या नावावरचं लोन थकलं, शेवटी कमी रकमेत सेटल केलं. आता साधा फ्रिज हप्त्यावर घ्यायचा तर दोघांनाही नकार. एकाचा सुधारला की दुसऱ्याचा आपोआप सुधारतो का?

मिरजेचा पाव्हणा: नाही ओ, नवरा-बायको असला तरी स्कोअर ज्याचा त्याचा, फक्त जॉइंट लोन दोघांच्याही रिपोर्टात दिसतं. अन् सेटल म्हणजे बँकेच्या लेखी पूर्ण फेड न्हवं. जमलं तर राहिलेली रक्कम भरतो असं बोला, नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) लेखी घ्या, मग रिपोर्टात 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून घ्या. रिपोर्ट दोघांचाही काढा, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या स्कोअर काढणाऱ्या चारही कंपन्या वर्षाला एक फुकट देतात. चूक दिसली तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढं रोज १०० रुपये भरपाई, आरबीआयचा नियमच हाय.

तासगावची वैनी: स्कोअर सुधारायला एफडी तारण ठेवून क्रेडिट कार्ड मिळतंय का बघा, दोघांनी वेगवेगळं. किराणा, लाइटबिल एवढंच त्यावर, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत, अन् मिनिमम ड्यू न्हवं, पूर्ण बिल भरायचं. आणि दादा, फ्रिजसाठी दहा ठिकाणी अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

विश्रामबागकर: एकजण पैसे घेऊन महिन्यात स्कोअर ७५० करून देतो म्हणतोय...

मिरजेचा पाव्हणा: त्याला दारातनंच परत लावा!! खरी नोंद पैशानं पुसत नाही. त्या पैशात एफडी करा की.