शाळेच्या फळ्यासाठी रोजच्या विज्ञानातल्या गमती: यातलं खरं किती?

खडू_डस्टर (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जूनपासून शाळेच्या दर्शनी फळ्यावर दर आठवड्याला विज्ञानातली एक गंमत लिहायचं ठरलंय. वाचणारी मुलं पाचवी ते आठवीची. मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टींतून थोडी यादी केली आहे, पण पालकांत कुणी डॉक्टर असतो, कुणी वायरमन, कुणी शेतकरी. चुकीचं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी फाटकातच गाठतील.

यादी अशी: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, तितके किलोमीटर लांब वीज पडली. पावसाचा थेंब अश्रूच्या आकाराचा असतो. मिरचीचं तिखट बियांत असतं. डेंग्यूचा डास गटारात वाढतो. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक लागतंच. पाल विषारी असते.

शिवाय अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव (मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा) नोव्हेंबरात आणि परत जानेवारी-फेब्रुवारीत असा दोनदाच का, हे मुलांना कळेल असं कुणी सांगेल का? जिथं जमेल तिथं मुलांना करून बघता येईल असंही काही सुचवा.

वळीव_वारा

मॅडम, तुमच्या यादीतली सहाच्या सहा विधानं चुकीची आहेत. टाकून मात्र देऊ नका. चुकीचं विधान वर लिहून त्यावर लाल फुली आणि खाली बरोबर उत्तर, असा फळा मुलं जास्त थांबून वाचतात. हवामानाचं मी घेतो.

विजेचा हिशेब तिपटीनं चुकलाय. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, मे महिन्याच्या उकाड्यात ३५० च्या जवळ. म्हणजे एक किलोमीटरला ३ सेकंद. आलेल्या सेकंदांना ३ नं भागायचं. मोजताना दोन चुका होतात. मुलं तोंडानं भरभर मोजतात, म्हणून घड्याळ द्या. आणि विजा लागोपाठ चमकत असल्या की पहिल्या विजेला तिसरीचा आवाज जोडला जातो, म्हणून सुटी पडलेली एखादी वीज निवडायची. साधारण १५-२० किलोमीटरच्या पलीकडचा गडगडाट ऐकूच येत नाही. वरची हवा थंड असल्यानं आवाज वाकून वर निघून जातो. लांबवर नुसतंच लखलखतं आणि आवाज येत नाही, त्याचं कारण हे.

हे मोजायचं ते घरात, खिडकीपासून मागं उभं राहून. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की वीज १० किलोमीटरवर आली, आणि पुढची वीज पाऊस नसलेल्या ठिकाणीही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. झाडाखाली, शेतातल्या उघड्या पत्र्याच्या शेडखाली किंवा विहिरीच्या मोटारीजवळ थांबणं हे मैदानात उभं राहण्याइतकंच वाईट. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली चारचाकी चालते. हातातला मोबाईल वीज ओढत नाही. भिंतीतून वायर आलेला फोन आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल मात्र लांब ठेवा. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्यानं आपल्याला धक्का बसत नाही, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. ही ओळ ठळक लिहा, कारण या भीतीपोटी लोक छाती दाबून हृदय चालू करायची मोलाची मिनिटं घालवतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप मोफत आहे, आसपासच्या विजांची सूचना देतं. ऊसतोड आणि भांगलणीच्या ठिकाणी एकाच्या तरी मोबाईलमध्ये असावं.

थेंबाचं: २ मिलिमीटरपर्यंतचा थेंब जवळजवळ गोल असतो. त्याहून मोठा झाला की खालून हवेच्या दाबानं चपटा होतो आणि बनपावासारखा दिसतो. ५-६ मिलिमीटरच्या पुढं तो टिकत नाही, फुटतो. मोठे थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगानं पडतात, झिमझिम पावसातले बारीक थेंब याच्या पाव वेगानंही नाहीत.

करून बघायला: परातीत अडीच सेंटिमीटर मैदा सपाट पसरा, पावसात ३-४ सेकंद धरा आणि झाकून आत आणा. दोन-तीन तास सुकू द्या, मग चाळा. चाळणीत उरलेल्या मैद्याच्या गोळ्या म्हणजे थेंबांची मापं. दहा सेकंद धरलंत तर परातीत नुसती कणीक होईल. अमेरिकेतल्या विल्सन बेंटलीनं थेंब मोजायला हीच युक्ती वापरली होती, १९०४ मध्ये.

आणि शाळेत पर्जन्यमापक पाहिजेच. दोन लिटरची सरळ अंगाची प्लॅस्टिक बाटली घ्या, मान कापून ती उलटी नरसाळ्यासारखी बसवा. तळ ओबडधोबड असतो म्हणून थोडे खडे टाकून सरळ भाग सुरू होईल तिथंपर्यंत पाणी भरा, तिथं शून्य लिहा आणि वर पट्टी चिकटवा. तोंड आणि अंग एकाच व्यासाचं असलं की बाटली जाड का बारीक, काही फरक पडत नाही. भिंत आणि झाड त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवं, नाहीतर आकडा कमी येतो. हवामान खातं सकाळी ८.३० ला नोंद घेतं, तीच वेळ धरा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या स्लॅबवरून जवळपास साडेसहा हजार लिटर. टाकीचं गणित मुलांना करू द्या.

रस्सा_रसायन

मिरचीला कोल्हापुरात अख्खा आठवडा द्या मॅडम, विषय लई भारी आहे.

तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. मिरची उभी चिरली की बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, तिथं ते तयार होतं. बिया तिला घासून असतात म्हणून त्यांना थोडं लागतं, एवढंच. तिखट कमी करायचं तर सुरीनं ती शीर खरवडून काढा. नुसत्या बिया झटकून फार उपयोग नाही.

रंग आणि तिखट ही दोन वेगळी रसायनं आहेत. लाल रंग कॅप्सँथिनचा. म्हणून ब्याडगी घातलेली कांदा-लसूण चटणी लालभडक असूनही सोसते आणि लवंगी मिरची रंगात मार खाऊन जिभेवर जाळ काढते. तांबड्या रश्श्याचा रंग बघून घाबरणाऱ्या पाहुण्यांना हे सांगायला हरकत नाही.

मुळात तिखट ही चवच नाही. जिभेवरच्या ज्या चेतांना ४३ अंशांच्या वरची उष्णता कळते, त्यांच्याच ग्राहकाला (म्हणजे रिसेप्टरला) कॅप्सेसिन चिकटतं आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेनं हा ग्राहक १९९७ मध्ये शोधला. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पक्ष्यांचा हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरचीसुद्धा आरामात खातो. मिरचीचाही त्यात फायदा: बी पोपटाच्या पोटातून धड बाहेर पडतं आणि लांब जाऊन रुजतं.

तिखट लागल्यावर पाणी का चालत नाही? कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. पाणी ते तोंडभर पसरवतं. दूध, दही, ताक यांतलं केसीन नावाचं प्रथिन त्याला जिभेवरून सोडवतं, त्यामुळं साय काढलेलं दूधही चालतं. पांढऱ्या रश्श्यात नारळाच्या दुधाची चरबी असते, ती याच कामाला येते. वर्गात दाखवायचं तर मुलांना तिखट चाखायला देऊ नका. दोन ग्लास घ्या, एकात कोमट पाणी, एकात कोमट दूध. दोन्हींत चमचाभर तर्री घालून हलवा. पाण्यावर तेल परत गोळा होतं, दुधात नारिंगी छटा पसरते.

ठेचा करून हात जळत असतील तर आधी चमचाभर गोडेतेल हातावर चोळा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग साबण. लोक थेट पाण्याखाली हात धरतात आणि नंतर डोळ्याला लावतात.

ओपीडी_नंबर_३

डेंग्यू आणि शेंबूड माझ्याकडे.

गटारात वाढतो तो क्युलेक्स डास, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा एडीस स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो: बॅरल, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, टायर. तो दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांचा रस पितो.

अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस. म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस, साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचा. पण नेमकं चुकतं कुठं? पाणी ओतून देतात आणि बॅरल घासत नाहीत. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर कडेला चिकटलेली असतात, आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. परत पाणी भरलं की फुटतात. काथ्यानं कड घासायची, उलटं घालून वाळवायचं, मगच भरायचं. झाकणावर भरवसा ठेवताना बघा, नळीसाठी पाडलेलं भोक डासाला पुरतं.

फळ्यावर हेही जाऊ द्या: डेंग्यूत ताप उतरल्यावर धोका संपत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायच्या सुमारासच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागू शकतो. पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं की लगेच दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

शेंबडाचा हिरवा रंग जंतूंचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींत लोह असलेलं हिरवट विकर (एन्झाइम) असतं, पेशी लढून मेल्या की ते शेंबडात मिसळतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही दोन-तीन दिवसांनी रंग बदलतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दहा दिवस कमीच होत नसेल, किंवा बरं वाटून परत ताप आला, तर दाखवा.

ऑगस्टच्या फळ्याला एक जादा विषय देतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथं पोरासोरांना पाठ आहे. पुराच्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस तितका माहीत नाही. उंदरांच्या मुतातला जंतू जखमेतून किंवा डोळ्या-नाकातून शिरतो. लक्षणं बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी: ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल. म्हणजे पाणी ओसरून गेल्यावर माणूस आजारी पडतो आणि पुराचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात उतरलो होतो' हे सांगणं अर्धं निदान आहे. चिखल काढताना गमबूट घाला, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच.

सावली_मापक

किरणोत्सव. हा प्रश्न भूगोलाचा, आणि उत्तर सरळ आहे.

देवीचं मुख पश्चिमेला. सूर्य बरोबर पश्चिमेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास मावळतो. एरवी मावळतीची जागा सरकत असते. कोल्हापूरच्या अक्षांशावर, १६.७ अंशांवर, जून ते डिसेंबर हा झोका जवळपास ४९ अंशांचा होतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश, म्हणजे क्षितिजावर पाच मुठी.

महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतच्या सरळ रेषेत मावळता सूर्य यायला तो पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला हवा. दक्षिणेकडे जाताना १० नोव्हेंबरच्या आगेमागे तो तिथं पोचतो. २१-२२ डिसेंबरला टोक गाठून माघारी फिरतो आणि १ फेब्रुवारीच्या आगेमागे परत त्याच जागी येतो. दोन्ही तारखा टोकापासून सुमारे ४२ दिवसांवर. मधल्या काळात तो रेषेच्या पलीकडं, बाकीच्या वर्षात अलीकडं. म्हणून दोनदाच. तिथीऐवजी इंग्रजी तारखेला येतो, कारण यात चंद्राचा काही संबंध नाही.

मावळतीची जागा त्या दिवसांत रोज ०.३ अंश सरकते आणि सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असतं, त्यामुळं हा खेळ थोडेच दिवस चालतो. एका संध्याकाळी किरणं पायांकडून वर चढतात, कारण सूर्य खाली जाईल तसा किरण आडवा होत जातो.

मुलांसाठी खरी गंमत पुढं आहे. जागा तीच असूनही नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमाराला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि अक्ष कललेला, त्यामुळं सूर्य नोव्हेंबरात घड्याळाच्या १६ मिनिटं पुढं असतो आणि फेब्रुवारीत १३-१४ मिनिटं मागं.

काही वर्षी किरणं पोचत नाहीत, त्याला ढग, धुरकट हवा आणि अडथळे कारण. सूर्य १ अंश उंचीवर असताना तो झाकायला १०० मीटरवर पावणेदोन मीटरची भिंत पुरते. पाण्याच्या टाकीएवढी.

शाळेत करण्यासारखं: ६ मेच्या आसपास शून्य सावली. दुपारी साडेबाराला सरळ उभ्या बाटलीची सावली तिच्याच तळाखाली जाते. वेळ नेमकी १२.३० धरा, बाराला बघितलंत तर सावली दिसणारच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसरा दिवस येतो, पण तेव्हा ढग. मेमध्ये सुट्टी असते, तेव्हा गृहपाठ म्हणून द्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही.

खडू_डस्टर

सगळ्यांचे आभार, जुलैपर्यंतचा फळा भरला! पाल राहिली. आणि एका मुलानं विचारलंय, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध पांढरंशुभ्र आणि घरच्या गाईचं पिवळसर, ते का?

गोठा_गाथा

आपल्या घरातली पाल विषारी नाही, चावलीच तरी विष नसतं. पण तिच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतो, म्हणून ती पडलेलं अन्न टाकून द्यायचं ते बरोबरच. तिच्या बोटांखाली सूक्ष्म केसांच्या लाखो फांद्या असतात. त्यांच्यात आणि भिंतीत रेणूंचं जे क्षीण आकर्षण असतं त्यावर ती चालते, डिंकावर नाही. कोरड्या टेफ्लॉनच्या पृष्ठभागावर मात्र तिचे पाय घसरतात.

दुधाचं: हिरव्या वैरणीत पिवळं बीटा कॅरोटिन असतं. म्हैस ते जवळजवळ सगळं जीवनसत्त्व अ मध्ये बदलते, जे रंगहीन आहे. गाय थोडं तसंच चरबीत सोडते, म्हणून दूध आणि तूप पिवळसर. पिवळं म्हणजे जास्त पौष्टिक असं काही नाही. चरबीत म्हैस वरचढ, ६ ते ८ टक्के. गाईत साधारण साडेतीन ते साडेचार. दुष्काळात वाळका कडबा खाल्लेल्या गाईचं दूधही फिकं पडतं.

धारोष्ण दुधाबद्दल मुलगा विचारेलच, तर उत्तर तयार ठेवा. ब्रुसेलाचा ताप आणि जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून येतो, आणि जनावर वरून ठणठणीत दिसू शकतं. डेअरीत ७२ अंशांना १५ सेकंद पुरतात कारण तिथं थेंब न् थेंब तेवढा तापतो. घरी पातेल्यात कडेचं दूध आधी तापतं, मधलं मागं राहतं. म्हणून ढवळत ढवळत उकळी आणायची, आणि उतू जायला लागलं की लगेच खाली न उतरवता आच कमी करून दोन-तीन मिनिटं ठेवायचं.