कस्टम वॉटर कूलिंग : पाच महिन्यांत कूलंट दुधाळ, जीपीयू ७९ अंशांवर (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात बसवलेल्या लूपमधलं (संगणक थंड ठेवायला पाणी फिरवणाऱ्या बंद वर्तुळातलं) कूलंट, म्हणजे थंड करणारं द्रव, दुधाळ झालंय आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप) फार तापतोय. राहायला नागपूर, खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे.

जोडणी : रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, वर ३६० आणि समोर २४० मिमीचा रेडिएटर, डी५ पंप. नळ्या मऊ, पारदर्शक पीव्हीसीच्या. पंपातून पाणी आधी जीपीयूला, मग सीपीयूला. ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून कूलंट वाहणारे ठोकळे) तांब्याचे, वर निकेलचा मुलामा, झाकण ॲक्रिलिकचं.

एकच गेम अर्धा तास चालवून, पंप आणि पंखे त्याच वेगावर ठेवून घेतलेले आकडे :

नोव्हेंबर : खोली २७, कूलंट ३७, जीपीयू ५२, हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत गरम बिंदू) ६३.
आता : खोली ३६, कूलंट ४७, जीपीयू ७९, हॉटस्पॉट ९१.

उन्हाळ्यासाठी तिसरा रेडिएटर घ्यावा का? आणि कूलरच्या दमट हवेने ब्लॉकवर पाणी धरेल का?

प्रतिसाद १

आकडे नीट दिलेत, त्यामुळे निदान सोपं झालं. रेडिएटरवर पैसे घालू नका.

नुसतं जीपीयूचं तापमान पाहून काही कळत नाही, फरक पाहायचे. कूलंट खोलीपेक्षा तेव्हा १० अंश वर होतं, आता ११. म्हणजे रेडिएटर आणि पंखे आपलं काम करताहेत. जीपीयू मात्र कूलंटपेक्षा तेव्हा १५ अंश वर होता, आता ३२. उष्णता पाण्यात उतरतच नाहीये, दोष ब्लॉकमध्ये आहे.

ब्लॉकमध्ये दोनच शक्यता : चिप आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) सुकली किंवा सरकली, नाहीतर आतल्या बारीक पात्या तुंबल्या. पेस्ट बिघडली की बहुधा हॉटस्पॉट आणि कोअरमधलं (कोअर म्हणजे वरचा जीपीयूचा आकडा) अंतर वाढतं. तुमचं ११ वरून १२ झालंय, म्हणजे पात्याच तुंबल्यात. पारदर्शक पीव्हीसी मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो गरम कूलंटमध्ये हळूहळू उतरतो आणि पात्यांत चिकट पांढरा साका धरतो. पंपानंतरचा पहिला ब्लॉक गाळणीसारखा तो अडवतो, म्हणून आधी जीपीयूला फटका बसला.

ब्लॉकवर दव धरणार नाही. दव धरायला पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा थंड लागतो आणि तुमचं कूलंट कायम त्याहून गरम आहे. कूलरच्या दमट हवेत धूळ मात्र रेडिएटरला चिकटते, म्हणून झोताच्या समोर केस ठेवू नका.

प्रतिसाद २

निदानाशी सहमत. आता सफाई.

संगणक बंद करून प्लग काढा, लूप पूर्ण रिकामा करा, ग्राफिक्स कार्ड बाहेर काढा आणि ब्लॉक कार्डापासून सोडवा. उघडण्याआधी फोटो काढा, आतली जेट प्लेट (पात्यांवर पाणी सोडणारी पट्टी) उलटी बसली तर प्रवाह चुकतो. मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा फिरवला की पात्या वाकतात. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, निकेलचा मुलामा उडतो.

ओ-रिंग खाचेत पूर्ण बसल्याशिवाय झाकण ठेवू नका. स्क्रू तिरप्या क्रमाने, प्रत्येकी थोडा थोडा आवळा. एक कोपरा आधी घट्ट केला की ओ-रिंग चिमटते आणि तिथूनच गळतं. ब्लॉक कार्डावर चढवताना पेस्ट नवी लावा, फाटलेले थर्मल पॅड (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या) त्याच जाडीचे घ्या.

जुन्या नळ्या टाकूनच द्या, नाहीतर पाच महिन्यांनी पुन्हा हेच. काळी ईपीडीएम रबराची नळी घ्या, ती प्लास्टिसायझर सोडत नाही. पीईटीजीची कडक नळी दिसायला सुरेख, पण उत्पादक तिला साधारण ६० अंशांची मर्यादा देतात. मे महिन्यात खोली ४२ वर गेली तर तुमचं कूलंट ५३ च्या आसपास असेल, एवढ्या कमी अंतरावर मी ती सुचवणार नाही.

धागाकर्ता

खूप आभार! धुवायला बॅटरीचं पाणी चालेल का, की आरओचं? आणि ॲक्रिलिकचं झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू का?

प्रतिसाद २

अल्कोहोल अजिबात नको, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. साबणपाणीच.

आरओच्या पाण्यात क्षार उरतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी खळबळायला चालेल, फक्त लेबल वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळतं. रेडिएटरमध्ये गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरून, तोंडं बंद करून हलवा आणि पांढऱ्या फडक्यातून ओता. फडक्यावर कण दिसेनासे होईपर्यंत हेच करत राहा. शेवटी मात्र तयार कूलंटच भरा, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक असतं.

प्रतिसाद १

भरताना घ्यायची काळजी : मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबल काढून ठेवा, फक्त पंप पीएसयूला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) जोडा. २४ पिनी कनेक्टरवर १६ नंबरची पिन शेजारच्या १७ शी जोडली की पीएसयू सुरू होतो. वायर जोडताना मागचं बटण बंद हवं. पंप क्षणभरही कोरडा फिरू देऊ नका, त्याच्या बेअरिंगला पाणीच वंगण असतं. रिझर्वॉयर (कूलंटची टाकी) भरा, पाच-दहा सेकंद पंप चालवा, बंद करा, पुन्हा भरा. मग केस पुढे-मागे तिरकी करून रेडिएटरमधली हवा काढा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवून २४ तास फक्त पंप चालू ठेवा. ‘नॉन-कंडक्टिव्ह’ लेबलवर विसंबू नका, धातूंचे आयन मिसळले की कूलंटमधून वीज वाहू लागते.

पहिल्या आठवड्यात रिझर्वॉयरची पातळी थोडी उतरेल. टिश्यू कोरडे असतील तर ती अडकलेली हवा आहे, वरून भरून घ्या. नंतर तोच गेम अर्धा तास चालवून हेच चार आकडे इथे टाका. कोअर आणि कूलंटमधला फरक १५-१६ वर आला नाही, तर ब्लॉक पुन्हा उघडावा लागेल.