'स्कॅट'ला तराणा म्हणावं का?

प्रश्न : क्लिओ लेन (१९२७–२०२५) या ब्रिटिश जॅझ गायिकेवर लेख लिहिते आहे. तिच्या 'स्कॅट'साठी, म्हणजे शब्दांऐवजी नुसत्या अक्षरांवर सुचेल तसं गाण्यासाठी, 'तराणा' चालेल का? एका ठिकाणी 'निरर्थक अक्षरांचं गाणं' असं वाचलं, ते पटलं नाही.

प्रतिसाद : तराणा नको. तराण्याची बंदिश असते. तोम, तनन, दिर दिर हे बोल त्यात तालाला बांधलेले असतात. स्कॅटमध्ये अक्षरं गाता गाता सुचतात आणि गायकाच्या कानात असतं ते वाद्य. सूर ठसक्यात लावायचा तर 'ब' किंवा 'द', लांबवायचा तर 'ऊ'. म्हणून 'निरर्थक'ही अन्यायाचं आहे. मी सरळ 'स्कॅट' लिहीन, पुल्लिंगी, आणि क्रियापद 'गाणे'. 'स्कॅट करणे' कानाला खटकतं.

क्लिओचा नवरा जॉन डँकवर्थ ऑल्टो सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवायचा. तो वाजवतो आहे तीच सुरांची ओळ ती त्याच वेळी गळ्यातून काढायची, अगदी भरधाव लयीतसुद्धा. याला कुणी 'जुगलबंदी' म्हणू नये. जुगलबंदीत दोघं आपापली वाट धरतात, इथे वाट एकच. 'वाद्याच्या सुरात सूर मिळवून' एवढं पुरे.

प्रतिसाद : वरच्याशी सहमत. लेखात 'प्रभाव' आणि 'संस्कार' मात्र वेगळे ठेवा. तिचे वडील जमैकाचे, लंडनजवळच्या साउथॉलमध्ये बांधकामावर राबणारे आणि रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवणारे. हा झाला संस्कार. १९५१ मध्ये ती डँकवर्थच्या बँडमध्ये आली. त्याच्यावर अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची मोठी छाप होती, आणि बीबॉपची, म्हणजे पार्करच्या वेगवान जॅझ शैलीची, वळणं तिला रोज कानाशी ऐकायला मिळाली. हा प्रभाव.

आणि तिला केवळ 'स्कॅट गायिका' म्हणू नका, शब्दांवर तिचं फार प्रेम होतं. १९६४ च्या 'शेक्सपिअर अँड ऑल दॅट जॅझ' या अल्बममध्ये ती शेक्सपिअरच्या ओळी गाते, तेव्हा शेवटचं व्यंजनसुद्धा स्पष्ट ऐकू येतं. जॅझ, पॉप आणि पाश्चात्त्य अभिजात या तिन्ही गटांत तिला ग्रॅमी नामांकनं मिळाली, त्यामागे हीच तयारी होती.

प्रश्नकर्ती : आभार. वाक्य असं केलं : 'क्लॅरिनेटच्या सुरात सूर मिळवून ती स्कॅट गाई.'

प्रतिसाद : छान. 'गाई' राहू द्या, 'गात असे'पेक्षा सुटसुटीत आहे.