'हीलिंग' आणि 'प्रिव्हेन्शन'ला मराठीत काय म्हणाल?

आडवाट: एका मासिकासाठी कॅनडातल्या हॉलो वॉटरवर लिहितोय. मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग तळ्याच्या पूर्व काठाला अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची छोटीशी वस्ती आहे. १९८०च्या दशकात गावातल्याच काही लोकांनी दारू आणि पोरांचं भरकटणं यावर काम सुरू केलं आणि खणता खणता लक्षात आलं की मुळाशी घराघरातलं लैंगिक शोषण आहे, पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. मग गुन्हेगाराला नुसतं तुरुंगात पाठवण्यापेक्षा १३ टप्प्यांची प्रक्रिया बसवली, त्यात पीडित, दोन्हीकडची कुटुंबं, गाव सगळे. याला ते हीलिंग म्हणतात. 'उपचार' लिहिलं की दवाखाना डोळ्यासमोर येतो, 'प्रतिबंध' लिहिलं की बंदी. काय सुचतंय?

शेवंता: प्रतिबंध तर नकोच!! आपल्याकडे पेपरात 'प्रतिबंधात्मक कारवाई' म्हणजे गणपतीच्या आधी पोलिसांनी चार जणांना नोटिसा देणं, नाहीतर तडीपार करणं. इथे तर उलट चाललंय, माणसाला गावातच ठेवून त्याच्याकडून जाब घेतायत. 'आधीच रोखणं' किंवा 'मुळावर काम' असं सरळ लिहा, एकच शब्द पाहिजे असा हट्ट कशाला.

कोरडवाहू: हीलिंगला 'समेट' कसा वाटतो? गोल करून बसतात म्हणजे बैठक, समेट बैठक.

शेवंता: नाही हो दादा, समेट, तडजोड हे शब्द आपल्या गावात कसे वापरतात ते माहितीये ना. 'मिटवून टाका' म्हटलं की बहुतेक वेळा मुलीलाच गप्प बसवलेलं असतं. तिथे आधी गुन्हा कोर्टात कबूल करावा लागतो, मग शिक्षा लांबणीवर पडते, प्रक्रिया चालू असते, आणि शेवटी न्यायाधीश गावाचं ऐकून निकाल देतात. समेट लिहिलं की हे सगळं पुसलं जाईल.

कोरडवाहू: बरं मग 'पंचायत'?

नदीकाठ: पंचायत म्हटलं की जातपंचायत आठवते आणि वाळीत टाकणं, त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केलाय, उगाच तो वास कशाला लावताय त्या लोकांना. 'रिंगण' घ्या, रिंगणात बसणं. वारीमुळे जरा उत्सवी वाटतं हे मान्य, पण गोलात कोणी वर-खाली नसतं हा अर्थ तरी येतो. आणि हीलिंगला 'बरं होणं' इतकंच. 'बरं करणं' नको, कारण त्यात करणारा दुसराच कुणीतरी असतो.

आडवाट: 'बरं होणं' आवडलं. पण वाचकाला वाटणार गुन्हेगाराला माफ केलं. १९९३ साली त्यांनी स्वतः लेखी मांडलंय की तुरुंगाच्या धाकाने लोक तोंड उघडत नाहीत, त्यामुळे गप्प राहणं आणि शोषण दोन्ही चालूच राहतं. आणि २००१च्या एका अभ्यासात साधारण दहा वर्षांत प्रक्रियेतून गेलेल्या १०७ जणांपैकी दोघांनीच परत गुन्हा केला असं आलंय.

कोरडवाहू: आकडा भारी आहे, पण छोट्या गावात आपल्याच काकाविरुद्ध बोलायचं म्हणजे दबाव येणारच की. तेही लिहा, नाहीतर लेख जाहिरात होईल.

नदीकाठ: लिहायलाच पाहिजे, हा आक्षेप तिथे असल्या प्रक्रियांवर बायकांच्या संघटनांनीही घेतलाय. आणि निवासी शाळांचाही उल्लेख हवा, सरकार आणि चर्च मिळून या मूळ रहिवाशांची मुलं घरातून उचलून न्यायचे, शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. तो भाग गाळलात तर ही माणसंच जात्याच बिघडलेली असं वाटेल.

शेवंता: माफी वाटू नये म्हणून 'झाडा' घाला की. 'झाडा देणं' जुना शब्द आहे, हिशेब आणि जबाब दोन्ही त्यात येतं. 'झाडा देऊन बरं होणं', पहिल्यांदा एवढं सांगितलं की पुढे नुसतं 'बरं होणं' चालेल.

आडवाट: घेतला! आता 'इंडिजिनस'ला आदिवासी का मूलनिवासी?

नदीकाठ: तिथे 'अनिशिनाबे' असंच लिहा ना, त्यांचं नाव आहे की.