मेल्यानंतरच्या कोर्टात फिर्यादी कुठे असतो?

सांजवात:
परलोकातला निवाडा दाखवणारे सिनेमे मी शोधून शोधून बघते आणि दरवेळी एकाच जागी अडते. आरोपी असतो, वकील असतो, न्यायाधीश असतो. ज्याचं वाटोळं झालं तो मात्र कोर्टात नसतो.

'डिफेंडिंग युअर लाइफ' (१९९१) घ्या. अल्बर्ट ब्रूक्सचा नायक नवी कोरी गाडी बसवर आदळून मरतो आणि 'जजमेंट सिटी'त पोचतो. तिथे त्याच्या आयुष्यातल्या नऊ दिवसांचं चित्रण पडद्यावर लावून दोन वकील भांडतात. एका प्रसंगात तो बायकोसमोर तालीम करतो, की ६५ हजार डॉलरच्या खाली पगार घ्यायचा नाही. साहेबाने ४९ म्हणताच लगेच हो म्हणतो. हा त्याच्याविरुद्धचा पुरावा! कारण तिथे एवढंच बघतात, की माणसाने भीतीवर मात केली की नाही. प्रसंग झकास लिहिलाय. पण याने कुणाला दुखवलं, कुणाचं काय हिरावलं, हे तिथे कुणी विचारत नाही.

म्हणून मला 'अलाँग विथ द गॉड्स' (२०१७) हा कोरियन सिनेमा मोठा वाटतो. (पुढे कथा उघड होते.) अग्निशमन दलातला जाहोंग मरतो आणि ४९ दिवसांत त्याला सात न्यायालयांतून जायचं असतं. शेवटचं न्यायालय येओमराचं, म्हणजे आपल्या यमाचंच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो तिकडे गेला. तिथे उघड होतं, की पोरवयात, घरात खायला नसताना, जाहोंगने आजारी, मुक्या आईच्या तोंडावर उशी दाबायचा प्रयत्न केला होता. आणि आईला ते कळलं होतं. ती जागी होती! तिने त्याला क्षमा केली आहे हे समोर येतं आणि खटला संपतो, कारण तिथला नियमच असा, की जिवंत माणसाने मनापासून क्षमा केलेल्या पापाचा परलोकात पुन्हा निवाडा होत नाही. देवांनाही जिथे थांबावं लागतं, अशी ही एकच जागा मी पडद्यावर पाहिली.

तिठा:
पूर्ण असहमत. हा सिनेमा आधी निकाल लिहून मग खटला चालवतो. मूळ वेबटूनमधला (म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेतला) जाहोंग साधा नोकरदार आहे, तुमच्याआमच्यासारखा. सिनेमाने त्याला अग्निशमन दलात घातलं, मुलीला वाचवताना मरण दिलं, वर पोचताच 'पुण्यवान' म्हणून जाहीर केलं. एवढी तयारी केल्यावर त्याला नरकात कोण पाठवणार?

आणि क्षमा करणारी कोण, तर आई. आई क्षमा करणारच, हे प्रेक्षक तिकीट काढतानाच धरून चालतो. पण तो नियम आपल्या घरांत आणून बघा. आयुष्यभर मारझोड केलेला माणूस अंथरुणाला खिळला की सगळे नातेवाईक त्याच्या बायकोकडे येतात. "आता माफ कर गं, त्याला मोकळं कर." तिच्या तोंडून तो शब्द काढून घेतात आणि तिचं जे काही व्हायचं ते होतं. फिर्यादीला कोर्टात आणणं म्हणजे तिच्यावर हे ओझं टाकणं असेल, तर ती नसलेली बरी.

पारवा:
मला वाटतं निवाडाच नको. जपानी दिग्दर्शक कोरेएडाचा 'आफ्टर लाइफ' (१९९८) पाहा. जुनाट सरकारी इमारतीत मृत माणसं येतात आणि आठवड्याभरात प्रत्येकाने एक आठवण निवडायची. कर्मचारी तिचं छोटं चित्रण करतात आणि ती एकच आठवण घेऊन माणूस पुढे जातो. पापपुण्याची वही नाही. या सिनेमासाठी कोरेएडाने शेकडो लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातले काही जण स्वतःच पडद्यावर बोलतात. आपलं आयुष्य पाहून आपणच काय ते ठरवायचं, यापेक्षा कडक परीक्षा कुठली?

सांजवात:
@पारवा, सिनेमा मलाही आवडतो, पण तिथे लबाडालाही गोड आठवण घेऊन जाता येतं. ज्याने एखाद्याची जमीन लुबाडली तो बालपणीचा झोपाळा निवडेल आणि सुटेल. मागे उरलेल्याला त्याच्या झोपाळ्याशी काय घेणं?

पारवा:
पण निवडायला सरळ नकार देणारा तरुणही त्यात आहे ना! तो म्हणतो, न निवडणं हीच माझी जबाबदारी घ्यायची रीत. आणि न निवडणारे तिथेच राहतात, दुसऱ्यांच्या आठवणी उभ्या करत. मला ते कुठल्याही नरकाहून खरं वाटतं.

जुनी पोथी:
तुम्ही सगळे आरोपी आणि फिर्यादी बघताय, न्यायाधीशाचं काय? आदिपर्वातली मांडव्य ऋषींची गोष्ट आठवा. मौनात बसलेल्या ऋषींच्या आश्रमात चोर लपले, राजाने ऋषींनाच सुळावर चढवलं. ते नंतर यमधर्माकडे गेले आणि जाब विचारला. उत्तर मिळालं, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्यांनी यमालाच शाप दिला, की मनुष्य हो, आणि तो विदुर म्हणून जन्मला. शिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप धरायचं नाही, हा नियम त्यांनी घालून दिला. परलोकाचा कायदा तिथे एका शिक्षा झालेल्या माणसाने बदलला! आपल्या सिनेमांतला यम रेड्यावर बसून बहुतेक वेळा हसवायलाच येतो. एवढं ऐवज घरात असताना हे मला फार लागतं.

सांजवात:
@तिठा, तुम्ही सांगताय ते घर मीही पाहिलंय, आणि त्या बायकोवरची बळजबरी मला अजिबात मान्य नाही. पण सिनेमातला शब्द 'मनापासून' असा आहे. काढून घेतलेली क्षमा तिथे चालायची नाही. आणि दुसरा भाग (२०१८) पाहा. त्यातल्या गांगनिमने ज्या दोघांना मारलं, त्यांच्याबरोबरच तो हजार वर्षं परलोकाचा दूत म्हणून काम करतोय. त्या दोघांना काही आठवत नाही, याला सगळं आठवतं. क्षमा मागायची तर ती देणाऱ्याला गुन्हाच माहीत नाही. यात फिर्यादीवर ओझं कुठे आहे?

तिठा:
दुसरा भाग मान्य. तो पहिल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, कारण तिथे रडून सुटका नाही. पण माझा आक्षेप पहिल्या भागावर आहे आणि तो तसाच आहे. त्या आईने "नाही, मी क्षमा करत नाही" असं म्हटलं असतं आणि तरीही पोराच्या दारिद्र्याचा, त्याच्या वयाचा विचार यमाने स्वतः केला असता, तर त्या कोर्टाला मी कोर्ट म्हटलं असतं. मांडव्यांची चौदा वर्षांची अट अशाच पोरासाठी नव्हती का?