ईव्ह ऑनलाइन: जिटात रिफ्टर खर्चाखाली विकली जातेय, साठ्याचं काय करू?

मदत हवी आहे. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये मी जहाजं बनवून विकतो. जिटा ४-४ या गेममधल्या सगळ्यात मोठ्या बाजारात माझ्या १४० रिफ्टर (छोटी लढाऊ जहाजं) पडून आहेत. खनिजं बाय ऑर्डरवर (माझा खरेदीभाव लावून) घेऊन एक जहाज मला ४,३०,००० इस्कला (गेममधलं चलन) पडतं आणि बाजारात सगळ्यात खालची ऑर्डर आहे ४,१२,३०० ची. मी ४,१२,२०० लावली की दहा मिनिटांत कुणीतरी ४,१२,१०० लावतो. २०२० पासून किमतीत पहिले चारच अंक चालतात, पुढे शून्यच, त्यामुळे एक पैसा कमी करून पुढे जाणं संपलं. शिवाय किंमत बदलली की दरवेळी ब्रोकरची फी जाते. बरेच जण स्वतः खोदलेलं खनिज फुकट धरतात, तिथेच भाव बुडतो असं मला वाटतं.

ब्लूप्रिंटचं संशोधन १०/२० (खनिज आणि वेळेची कमाल बचत) पूर्ण आहे, अकाउंटिंग (विक्रीकर कमी करणारं कौशल्य) ५ आहे, म्हणजे तिथे आणखी वाचवण्यासारखं काही नाही. अमार या दुसऱ्या बाजारात ३० नेऊन पाहिल्या, आठवड्यात ६ गेल्या. मोडून खनिज काढलं तर जेमतेम निम्मं परत मिळतं.

एकच अकाउंट, एका वेळी उत्पादनाचे दहा जॉब, रोज रात्री तासभर वेळ. नलसेकमध्ये (जिथे पोलिसांचं संरक्षण नाही असा भाग) जायचं नाही. इन्व्हेन्शन (साध्या ब्लूप्रिंटवरून प्रगत वस्तूंची ब्लूप्रिंट काढणं) शिकायची तयारी आहे, पण तिथेही अशीच गर्दी असेल तर महिना वाया जाईल.

तर, हा साठा आत्ता तोट्यात काढू की धरून ठेवू? आणि पुढची वस्तू निवडताना रोजच्या विक्रीच्या किती टक्क्यांपर्यंत माल बनवला तर भाव पडत नाही, हे मार्केट हिस्टरीवरून तुम्ही कसं ठरवता?